कातळ तोच, तेल मात्र समुद्रात

राजगडावर जाणाऱ्या वाटा बऱ्याच आहेत, पण जुना राजमार्ग पाली गावाकडून चढतो. (ही वेल्ह्याची पाली. बल्लाळेश्वराची पाली घाटाखाली, रायगड जिल्ह्यात. दोन्हींची गल्लत होते म्हणून आधीच सांगितलेलं बरं.) वर पाली दरवाजाशी कातळात खोदलेल्या प्रशस्त पायऱ्या आहेत. पण आपल्याला गडावर जायचं नाही. खाली शिवारातच थांबू.

पावसाळा सरत आला आणि भातखाचरांतलं पाणी हटायला लागलं, की मावळात बांधाच्या कडेला किंवा ओहोळाच्या एखाद्या निवांत डबक्यात कधी कधी पाण्यावर निळा-जांभळा, इंद्रधनुषी तवंग दिसतो. रस्त्यावर पेट्रोल सांडल्यावर दिसतो अगदी तसाच. पाहणाऱ्याच्या मनात येतंच, खाली तेलबिल तर नाही ना?

याची परीक्षा सोपी आहे. एक काडी घ्या आणि तवंगात फिरवा. खरं तेल असेल तर काडीमागे फाकलेला तवंग लगेच पुन्हा मिळून येतो. हा मात्र तडकतो. त्याचे कोनेदार तुकडे होतात आणि ते वेगवेगळेच तरंगत राहतात. तेलाचा इथे थेंबही नाही, हे लोखंड आहे. सह्याद्रीच्या काळ्या कातळात लोहाची ऑक्साइडं वजनाने शेकडा दहापेक्षा जास्त भरतात. जमिनीत मुरलेल्या पाण्याला प्राणवायू मिळेनासा झाला की हे लोह त्यात विरघळतं, आणि तेच पाणी झऱ्यावाटे उघड्यावर आलं की काही जिवाणू त्या लोहाचं ऑक्सिडीकरण करून स्वतःचं पोट भरतात. पाण्यावरचा पापुद्रा ही त्यांची करणी. डबक्याच्या तळाशी तांबूस-केशरी गाळ दिसला तर खात्रीच समजा.

तर पालीच्या डबक्यात तेल नाही. राजगडाखाली नाही, तोरण्याखाली नाही, भोर-वेल्ह्यात कुठेच नाही. इथवर काहीच नवल नाही. नवल यापुढे आहे. याच कातळाच्या पश्चिमेकडच्या भागावर, समुद्राखाली, भारतातलं सगळ्यात मोठं तेलक्षेत्र उभं आहे. कातळ तोच, वयही जवळजवळ तेच. मग एकाच्या नशिबी गड आले आणि दुसऱ्याच्या नशिबी तेल, असं का झालं?

तेलाविषयी दोन समजुती आपल्या डोक्यात घट्ट बसलेल्या असतात. जमिनीखाली तेलाची तळी असतात ही एक, आणि ते तेल डायनासोरांचं असतं ही दुसरी. दोन्ही खोट्या. तेल खडकाच्या बारीक छिद्रांत आणि भेगांत मुरलेलं असतं. ते बनतं मुख्यतः शेवाळं, पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, जिवाणू आणि झाडांचा पालापाचोळा यांपासून. आता जीव मेला की त्यातला कार्बन सहसा हवेत परत जातो. कुणी खातं, बाकीचं कुजतं, प्राणवायूशी संयोग होऊन कार्बन डायऑक्साइड होतो आणि हिशेब मिटतो. शंभर भागांतला जेमतेम एखादा भाग, बहुतेकदा त्याहूनही कमी, या हिशेबातून निसटतो. तोही अशाच ठिकाणी, जिथे तळाच्या चिखलात प्राणवायू पोचत नाही. म्हणून तेलाला जन्म देणारा खडक जवळजवळ नेहमी बारीक कणांचा आणि रंगाने काळा-करडा असतो. तो मुळात चिखलच असतो, दाबाखाली घट्ट होऊन शेल झालेला. त्यातल्या सेंद्रिय ऐवजाला केरोजेन म्हणतात. ते घनरूप असतं आणि तसं ठेवलं तर कोट्यवधी वर्षं तसंच राहील.

त्याला तेल करायचं तर आच हवी. जमिनीत खोल गेलं की सर्वसाधारणपणे दर किलोमीटरला २५ ते ३० अंश सेल्सिअसने तापमान वाढतं. साठ अंशांच्या पुढे केरोजेनचे मोठाले रेणू तुटू लागतात आणि त्यातून तेल सुटतं. दीडशेच्या पलीकडे गेलात तर तेलही तुटून निव्वळ वायू उरतो. बासुंदीचं दूध आटवणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. आच मंद हवी, वेळ भरपूर हवा आणि विस्तव मोठा झाला की सगळं करपलं. फरक इतकाच की इथे वेळ लाखो-कोटी वर्षांत मोजायचा. तेल सुटल्यावर ते पाण्याहून हलकं असल्यामुळे वर चढू लागतं. वाटेत त्याला सच्छिद्र खडक भेटायला हवा, आणि त्या खडकाच्या डोक्यावर तेलाला पुढे जाऊ न देणारा घट्ट थर हवा. नाही तर ते जमिनीवर येऊन उडून जाणार.

डोंगर आणि तेल यांचं वैर आहे असं मुळीच नाही. आखाती प्रदेशातलं पहिलं मोठं तेल २६ मे १९०८ रोजी इराणच्या झाग्रोस पर्वताच्या पायथ्याशी, मस्जिद-ए-सुलेमानला लागलं. आपल्याकडे आसामात नागा टेकड्यांच्या कुशीत दिग्बोईला त्याआधीच, १८८९ मध्ये तेल लागलं होतं आणि १९०१ मध्ये तिथे तेलशुद्धीकरण कारखानाही सुरू झाला. पण झाग्रोस किंवा नागा टेकड्या हे घडीचे पर्वत. गाळाचे, बरेचसे समुद्राच्या तळाचे थर दाबाने चुरगळून वर उचलले गेले आणि त्यांचे डोंगर झाले. चिखल आत आधीपासूनच होता, आणि घड्यांच्या कमानींखाली तेल अडकायला जागाही आयती मिळाली.

सह्याद्री या जातीचा पर्वत नाही. त्याला कुणी चुरगळलेलं नाही. तो पठाराचा झिजलेला कडा आहे, आणि पठार सबंध लाव्हाचं आहे.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडून लाव्हा बाहेर पडू लागला. एकदाच नव्हे, पुनःपुन्हा. एक थर पसरायचा, थंड व्हायचा, मध्ये काही काळ जायचा, मग दुसरा थर. आज उरलेलं त्याचं क्षेत्र पाच लाख चौरस किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे अवघ्या महाराष्ट्राच्या दीडपटीहून जास्त. हा लाव्हा बाहेर पडताना अकराशे अंशांच्या घरात तापलेला असतो. तेलाची मर्यादा दीडशे अंश! लाव्हा अंगावरून गेलेल्या पालापाचोळ्याचं तेल होणं सोडाच, कोळसा झाला तरी पुष्कळ.

पण दोन थरांच्या मधल्या काळात काय व्हायचं? त्याची नोंद डोंगरातच आहे. कात्रज-खंबाटकीच्या बाजूला रस्त्यासाठी डोंगर कापलेत तिथे, किंवा गडाच्या उभ्या कड्यावर नीट पाहिलंत, तर काळ्या कातळाच्या दोन थरांमध्ये विटकरी-लाल पट्टा दिसतो. कुठे वीतभर, कुठे पुरुषभर उंचीचा. ती जुनी माती आहे. लाव्हा थंड झाल्यावर त्याचा पृष्ठभाग ऊन-पावसाने कुजला, त्याची माती झाली, मग वरून नवा लाव्हा आला आणि ती माती भाजून निघाली. हिवाळ्यात बाकीचा कडा कोरडा पडला तरी या पट्ट्याच्या वरच्या अंगाला बऱ्याचदा ओल झिरपताना दिसते. वरच्या सच्छिद्र, भेगाळ कातळातून उतरलेलं पाणी या चिकण थरावर अडतं आणि आडवं बाहेर येतं. सच्छिद्र खडक आणि अडवणारा थर, तेल अडकायला लागणारी जोडी इथेही हजर आहे. फक्त तेल अडतं ते वर जाताना आणि पाणी खाली येताना.

लाल रंगाकडे मात्र पुन्हा पाहा. मातीतलं लोह पूर्णपणे ऑक्सिडीकृत झालं की रंग असा लाल होतो. म्हणजे या मातीला हवा भरपूर मिळाली. म्हणजेच तिच्यात जे काही पान-पाचोळा, मुळं असतील, त्यांचा कार्बन वर नवा लाव्हा यायच्या आधीच बहुतेक हवेत निघून गेला होता. तेल शोधणाऱ्याच्या दृष्टीने लाल पट्टा म्हणजे स्पष्ट नकार.

मग शंका उरते ती तळाची. लाव्हा पसरण्याआधी इथे जी जमीन होती, तिच्यावर एखाद्या जुन्या समुद्राचा किंवा सरोवराचा गाळ असेल तर? ही शंका पोरकट नाही. सौराष्ट्रात राजकोटजवळ लोधिका इथे दीडेक किलोमीटर लाव्हा भेदून खाली गेल्यावर असा जुना गाळ खरोखरच सापडला. सह्याद्रीखाली काय आहे याचा पुरावा पालीपासून दक्षिणेला शंभरेक किलोमीटरवर मिळतो, आणि तो मिळाला भूकंपामुळे.

११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप महाराष्ट्र विसरलेला नाही. धरणाच्या परिसरात तेव्हापासून लहानमोठे धक्के बसतच आहेत. त्याचं कारण जागेवर जाऊन तपासायचं म्हणून केंद्र सरकारच्या पृथ्वीविज्ञान मंत्रालयाने कोयनेच्या परिसरात खोल विंधनं घेतली. कराडला त्यासाठी प्रयोगशाळाही आहे. रासाटीच्या विंधनात सुमारे ९३० मीटर लाव्हा लागला. पाटण तालुक्यातल्या गोठण्याला तीन किलोमीटर खोल विंधन झालं आणि तिथे लाव्हाची जाडी भरली सुमारे १,२५० मीटर. लाव्हा संपला आणि थेट ग्रॅनाइट-नाइस लागला, अडीच अब्ज वर्षांहून जुना! मध्ये तेलाच्या उपयोगाचा गाळ नाही. किल्लारीला १९९३ च्या भूकंपानंतर घेतलेल्या विंधनातही तीच तऱ्हा. ३३८ मीटर लाव्हा, त्याखाली गाळाचा जेमतेम आठ मीटरचा थर, आणि मग पुन्हा तोच आदिम खडक.

सह्याद्रीच्या लाव्हाखाली थेट जुना खडकच आहे, या निष्कर्षाला लाव्हाची स्वतःची साक्षही आहे. वर येताना लाव्हा वाटेतला खडक थोडाफार वितळवून आपल्यात घेतो, आणि त्याची खूण स्ट्रॉन्शियमच्या समस्थानिकांच्या गुणोत्तरात राहून जाते. डोळ्याला सगळा कातळ सारखाच काळा दिसतो. पण १९८० च्या दशकात या रासायनिक खुणांवरून सह्याद्रीच्या लाव्हाचे गट पाडले गेले, आणि त्यांतल्या काहींना आपल्या ओळखीची नावं मिळाली, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. काही गटांत खालच्या जुन्या खडकाची भेसळ पुष्कळ आहे. आंबेनळीचा लाव्हा त्या मानाने सगळ्यात निर्भेळ. भूगर्भाचा माग काढायला दर वेळी भोकच पाडावं लागतं असं नाही, हे मला यातलं सगळ्यात भारी वाटतं.

महाराष्ट्राच्या लाव्हात काळा पट्टा कुठेच नाही का? आहे, चक्क मुंबईत. वरळीच्या टेकडीत लाव्हाच्या दोन थरांमध्ये गोड्या पाण्याच्या तळ्याचा काळपट, कार्बनयुक्त गाळ सापडला. त्यात बेडकांचे आणि कासवांचे जीवाश्म होते. त्या बेडकाचं वर्णन १८४७ मध्ये रिचर्ड ओवेनने केलं, ज्याने ‘डायनासोर’ हा शब्द घडवला तोच हा ओवेन. तळ्याच्या तळाशी हवा पोचली नव्हती, म्हणून बेडूकही टिकला आणि कार्बनही. पण हा थर पातळ, आवाका लहान, आणि तो खोल पुरला गेलाच नाही. तेलाच्या कहाणीचं पहिलं वाक्य तिथे लिहिलं गेलं आणि कहाणी तिथेच थांबली.

ती पुढे सरकली आणखी पश्चिमेला. लाव्हाचा भर ओसरत असताना, सुमारे ६.३ कोटी वर्षांपूर्वी, भारताचा पश्चिम काठ फाटला. त्याचा एक तुकडा दूर गेला. आज तो आफ्रिकेच्या बाजूला सेशेल्स बेटांच्या रूपाने उभा आहे आणि दख्खनच्या लाव्हाच्या वयाचे खडक तिथेही सापडतात. फाटलेला काठ हळूहळू खचत गेला. देशावर लाव्हाचे थर जवळजवळ आडवे आहेत, राजगडाच्या कड्यावर दिसतात तसे. कोकणात उतरलं की पनवेलच्या पट्ट्यात ते पश्चिमेकडे लक्षात येण्याइतके कलतात. भूवैज्ञानिक त्याला पनवेल फ्लेक्शर म्हणतात. तिथून पुढे तो कातळ समुद्राखाली जातो.

समुद्राखाली गेलेला हा कातळ सपाट राहिला नाही. काही भाग उंचवट्यासारखे राहिले, काही खूप खोल गेले. सुरुवातीला तिथे उथळ समुद्र, खाजणं, दलदली होत्या. झिजलेल्या लाव्हाचा गाळ आणि दलदलीतला पालापाचोळा लाव्हाच्या या फरशीवर साचला. या थरांना आता पन्ना शैलसमूह म्हणतात. काळा शेल आणि कोळशाचे पातळ थर असं त्याचं रूप आहे. राजगडावर जी माती हवेत लाल झाली, तिचीच बहीण इथे पाण्याखाली काळी राहिली. मग तिच्यावर आणखी थर साचत गेले, जमीन खचत गेली आणि खोल भागांतला तो काळा चिखल किलोमीटर-किलोमीटर खाली जाऊन लागेल तेवढ्या उष्णतेपर्यंत पोचला. सह्याद्रीला जे कधीच मिळालं नाही ते त्याला मिळालं, पुरलं जाणं.

मुंबईच्या समुद्रातल्या तेलात या साऱ्याचा पुरावा शिल्लक आहे, आणि रसायनशास्त्र इथे अक्षरशः जादू करतं. १९३० च्या दशकात म्युनिकच्या आल्फ्रेड ट्राइब्स या रसायनशास्त्रज्ञाला खनिज तेलात पॉर्फिरिन नावाचे रेणू सापडले. त्यांची बांधणी हरितद्रव्याच्या रेणूसारखी होती. पानाला हिरवं करणारा तो सांगाडाच होता, फक्त मधला मॅग्नेशियमचा अणू जाऊन तिथे व्हॅनेडियमसारखा धातू बसलेला. काळ्याकुट्ट तेलात पानाचा हिरवेपणा कोट्यवधी वर्षं तग धरून राहतो! तेल सजीवांपासूनच होतं, याचा इतका थेट पुरावा त्याआधी कुणाच्या हाती नव्हता. आता अशा खुणांची यादी मोठी आहे. जिवाणूंच्या पेशीभित्तिकांतून आलेले रेणू वेगळे, शेवाळ्यांचे वेगळे. फुलझाडांपासून येणारा ओलिएनेन तेलात असेल तर ते तेल फुलझाडं पृथ्वीवर फोफावल्यानंतरच्या चिखलाचं. मुंबईच्या समुद्रातलं हे तेल हलकं आहे, त्यात गंधक कमी आहे आणि मेणाचा अंश बऱ्यापैकी आहे. हे मेण जमिनीवरच्या झाडांची चुगली करतं. जांभळाच्या किंवा करवंदीच्या पानावर बोट फिरवलं की जो तुळतुळीत लेप जाणवतो, तो कार्बनच्या लांबलचक साखळ्यांचा असतो. कधीकाळच्या दलदलीकाठच्या झाडांचा तसाच लेप खाली जाऊन तेलात उतरला.

ती झाडं कशी असतील याचा अंदाजही करता येतो. सुरत जिल्ह्यातल्या वस्तान इथल्या लिग्नाइटच्या खाणीत पाचेक कोटी वर्षांपूर्वीचं अंबर, म्हणजे गोठलेली राळ, सापडलं. त्यात अडकलेले शेकडो कीटक २०१० मध्ये जगासमोर आले. राळ साल वृक्षाच्या कुळातल्या झाडांची होती. तेव्हाचा भारत विषुववृत्ताजवळ होता आणि पश्चिम किनाऱ्यावर दाट सदाहरित वनं होती. आपल्या गाडीच्या टाकीत त्या रानाचा काही अंश असणार.

तेल तयार झालं खोलगट भागांत, पण ते तिथेच राहिलं नाही. सरकत, चढत ते उंचवट्यावर पोचलं. लाव्हाच्या याच उंचवट्यावर नंतर, सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वी, स्वच्छ उथळ पाण्यात चुनखडकाचे सच्छिद्र थर तयार झाले होते आणि त्यांच्यावर शेलचं झाकण बसलं होतं. त्या चुनखडकात तेल मुरलं. तेच मुंबई हाय.

शोधाची हकिगत थोडक्यात सांगतो, कारण ती बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळते. गुजरातेत अंकलेश्वरला १९६० मध्ये तेल लागलं होतं आणि नेहरूंनी त्या विहिरीला ‘वसुधारा’ नाव दिलं होतं. तिथलेच थर समुद्रात कुठवर जातात हे पाहायला १९६४ ते १९६७ या काळात ‘अकादमिक अर्खांगेल्स्की’ हे सोव्हिएत जहाज खंबायतच्या आखातात भूकंपलहरींनी तळ चाचपत फिरत होतं. त्या सर्वेक्षणात हा उंचवटा नजरेत आला. जपानमध्ये बांधलेला ‘सागर सम्राट’ हा तराफा मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, समुद्रतळावर पाय रोवून उभा राहिला आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये तेल लागलं. १९७३ च्या तेलसंकटात जगभर भाव चौपट झाले होते, त्यामुळे देशाला केवढं हायसं वाटलं असेल ते समजू शकतं. मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. आसपासच्या क्षेत्रांना पन्ना, मुक्ता, हीरा, नीलम, रत्ना अशी नावं दिली गेली. तेल आणि वायू धारण करणाऱ्या एका महत्त्वाच्या चुनखडकाला मात्र आपल्या वसईचं इंग्रजी नाव मिळालं, बॅसीन. समुद्रातून तेल नळाने उरणला येतं. शुद्ध झालेलं पेट्रोल-डिझेल मुंबईहून दुसऱ्या नळाने घाट चढून पुण्याजवळ लोणी काळभोरला पोचतं. सह्याद्रीत तेल आहे म्हणायचं तर एवढंच, नळातलं.

एक गंमत अजून राहिली. वडोदऱ्याजवळ पादरा नावाचं तेलक्षेत्र आहे. तिथे तेल चुनखडकात नाही, वाळूच्या खडकात नाही, चक्क दख्खनच्या लाव्हात आहे. वर साचलेल्या काळ्या शेलमध्ये तेल तयार झालं आणि ते शेजारच्या कुजलेल्या, भेगाळलेल्या बेसॉल्टमध्ये, म्हणजे याच काळ्या कातळात, शिरलं. म्हणजे आपल्या कातळाला तेल पोटात ठेवता येत नाही, असं मुळीच नाही. सच्छिद्र थर आहेत, भेगा आहेत, अडवायला चिकण लाल पट्टे आहेत. देणाराच शेजारी नाही. पालीच्या कातळात जी पोकळी तेलाने भरली असती, ती पाण्यातून आलेल्या गारगोट्यांनी आणि झिओलाइटांनी भरली. पुण्याच्या परिसरातली ही खनिजं जगभरच्या संग्रहालयांत मिरवतात, वाघोलीचं निळंशार कॅव्हन्साइट तर विशेषच. त्यामुळे सौदा अगदीच वाईट झाला असं म्हणवत नाही.

आणि आजचा पालीचा गाळ कुठे जातो? अरबी समुद्र इथून सरळ रेषेत जेमतेम ७०-७५ किलोमीटरवर. पण इथलं पाणी त्याच्याकडे पाठ फिरवतं. गुंजवणीतून नीरेत, नीरेतून भीमेत, भीमेतून कृष्णेत आणि अवघा देश आडवा कापून बंगालच्या उपसागरात. कृष्णा-गोदावरीच्या मुखासमोरच्या समुद्रतळातही तेल आणि वायू आहेत, तिथे गाळ भरपूर साचला म्हणून. आता वाटेत वीर, श्रीशैलम, नागार्जुनसागर अशी धरणं आहेत. बराचसा गाळ तिथेच बसतो.

दख्खनच्या लाव्हाखाली तेलाचा शोध अजून चालू आहे, पण तो तापी-नर्मदेच्या बाजूला, गुजरातेत आणि कच्छकडे, जिथे खाली जुना गाळ असल्याच्या खुणा आहेत. त्यातली एक पद्धत फार देखणी आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेचे लोक दोन-अडीच मीटर खोलीवरची माती उचलतात, प्रयोगशाळेत तिच्यावर आम्ल टाकतात आणि मातीच्या कणांना चिकटलेले वायू सुटले की मोजतात. निव्वळ मिथेन निघाला तर फार अर्थ नाही, तो भातखाचरातही बुडबुड्यांनी येतो. पण सोबत इथेन आणि प्रोपेन असतील, आणि कार्बनच्या समस्थानिकांचं प्रमाण खोल शिजलेल्या वायूसारखं असेल, तर खाली काहीतरी शिजलंय असं समजायचं.

भोर-वेल्ह्याच्या कातळाला मात्र तेलाच्या जगात एक वेगळंच काम लागण्याची शक्यता आहे. तेल जाळून होणारा कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळवून बेसॉल्टमध्ये सोडला, तर कातळातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि लोह त्याच्याशी संयोग पावून त्याचा दगड करतात. आइसलँडमध्ये २०१२ मध्ये असा प्रयोग झाला. सोडलेल्या वायूपैकी शेकडा ९५ हून अधिक वायूचा दोन वर्षांच्या आत दगड झाल्याचं २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं. दख्खनचा कातळ याच जातीचा असल्यामुळे त्याचा अभ्यास आपल्याकडेही सुरू आहे. मुंबईच्या आयआयटीत कार्बन पकडण्याच्या आणि वापरण्याच्या संशोधनासाठी राष्ट्रीय केंद्र आहे. अडचण पाण्याची. आइसलँडच्या पद्धतीत एक टन वायूला सुमारे २५ टन पाणी लागलं, आणि आपल्या बहुतेक गावांच्या विहिरी याच कातळाच्या भेगांवर जगतात.

म्हणून हे प्रयोग व्हावेत, पण वीजकेंद्रांच्या चिमण्या उभ्या आहेत तिथे जवळ, आणि गावाचं पाणी आधी तपासून. राजगड जुलै २०२५ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. त्याच्या पायथ्याला तेलासाठी विंधन घ्यायला कारण नाही, आणि धूर पुरायला दुसरी जागा पुष्कळ आहे.